काट्यावर

सात दिवस फुकट होतं, म्हणून घेतलं.
हिंगणघाटच्या डॉक्टरनं साखर सांगतली होती,
उपाशीपोटी एकशे सत्तर,
अन् भाच्यानं फोन हातातून ओढून
ते ॲप टाकून देल्लं.

पह्यलाच प्रश्न : तुमचं वजन किती?

आता पाहा, एकोणीस वर्सं झाले
मी वडनेरच्या जिनिंगवर धर्मकाटा सांभाळतो.
कापसाच्या गाड्या, सरकीचे ट्रक,
एकदा तं वरातीतला डीजेही तोलला,
पोट्ट्यांची पैज लागली होती.
स्वतःले तोलायचं कधी सुचलंच नाही.
रात्री शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर
साठ टनाच्या त्या पत्र्यावर
एकटाच जाऊन उभा राह्यलो.
मंग धावत केबिनमधी, आकडा पाहाले.
शून्य.
बरोबरच आहे.
मी तं केबिनमधी होतो.

शेवटी पैकूजी हमालाले आत बसवलं.
तो वरडला : नव्वद!
आपला काटा दहा-दहानं चालते,
शहाऐंशी असन, नाही तं चौऱ्याण्णव.
मी नव्वद टाकलं.

"खूप छान, वासुदेव!"
ती म्हणाली. ती म्हणजे अन्वी, कोच.
किती उड्या मारल्या तरी
केसाची बट हालत नाही तिची.

वासुदेव.
इथं मले सारे काटाच म्हणतात.
ओ काटा, पावती फाड.
काटा जेवाले गेला काय गा?
बायको म्हणते, ऐकलं का.
वासुदेव म्हणणारी माय होती,
अन् आता बँकेचं पासबुक.

नाश्त्याले तिनं ब्ल्यूबेरी सांगतली.
बायकोनं बांधावरचे बोरं आणून ठेवले,
वरून मीठ.

तिसऱ्या दिवशी नेटवर्क गेलं
अन् अन्वी अर्ध्या उठाबशीत अटकली.
हात समोर, गुडघे वाकलेले, तोंड हसरं.
मीही तसाच थांबलो.
तिनं उठा म्हटल्याबिगर उठाव कसं?
मांड्या थरथरू लागल्या.
भायेर आयशर हॉर्न मारून राह्यली.
पैकूजीनं खिडकीतून पाह्यलं :
"कोण्या मास्तरनं शिक्षा देल्ली गा?"

तेवढ्यात ती सुटली.
"पाठ सरळ. गुडघ्यांतून उठा, कमरेतून नको."
पैकूजी हसला.
"हे तं माह्या बापानं सांगतलं होतं,
पह्यल्या पोत्याच्या वक्ती."
अन् सरकीचं पोतं पाठीवर घेऊन
असा उठला, जसं कोणी दार उघडते.
मंग पोतं टाकून खाली बसला,
डावा पाय लांब करून. तो वाकत नाही आता.
"बापाचं सारं आयकलं गा मी," म्हणे,
"कंबर शाबूत आहे."

रोज शेवटी ती विचारे :
आज कसं वाटतंय? एक ते पाच.
पह्यल्या दिवशी मी पावतीबुक बंद करून
लय वेळ बसलो.
भरलेली गाडी, त्यातून रिकामी वजा,
राह्यला तो माल.
आयुष्यभर हेच लिवलं.
हा आकडा कशातून काढाव?
तीन टाकलं.
"उत्तम सुरुवात!"
दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक टाकलं.
ती तेवढीच हसली.

आठव्या दिवशी कार्ड नंबर मांगतला.
अन्वीवर धुकं आलं, धुक्यावर कुलूप.
मी काढून टाकलं.
साखर एकशे बासष्ट आली. गुडघे दुखतात.

पण सवय राह्यली ना.
काल रात्री कानगावचा एक ट्रॅक्टरवाला
कानाले गमछा बांधून पावती घ्याले आला,
अन् माह्या तोंडातून गेलं :
आज कसं वाटते भाऊ?
एक ते पाच.

त्यानं पावती उलटी करून पाह्यली,
मागं काही लिवलं नव्हतं.
मंग खिडकीवर कोपर टेकवून म्हणे,
"भरलेला सांगू का रिकामा?"